ओसाकात हरवलेले मामेसासरे

रस्ता विचारणं हा माणसाच्या जातीला जडलेला सर्वांत लाजिरवाणा रोग आहे, असं मानणारा एकच गृहस्थ या पृथ्वीवर जन्माला आला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सुरतेत उधन्याला आमचं बिऱ्हाड होतं आणि तीन गल्ल्या सोडून त्यांचं. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते अठराव्या वर्षी सुरतेला आले, तेव्हा स्टेशनातून बाहेर पडल्यावर कुणालाही काही न विचारता त्यांनी चालायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते कामाच्या ठिकाणी पोचले. हे अंतर रिक्षाने वीस मिनिटांचं आहे. पण मामा ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगत. "जवाईबापू, रस्ता कोणले इचारानं नही. लोके चुकाडी देतस," असं म्हणून ते आपला सिद्धांत मांडत. गाव म्हणजे कापड. आधी ताण्याचे उभे धागे, मग बाण्याचे आडवे. सगळ्या उभ्या गल्ल्या एका टोकापासून चालत संपवायच्या, मग आडव्या घ्यायच्या. जगातलं कोणतंही घर असं सापडल्याशिवाय राहत नाही. फक्त वेळ हाताशी पाहिजे.

तो वेळ पुष्कळदा माझा असे. एकदा नवागामला नात्यातल्या एका बाळाचं बारसं होतं. मुहूर्त दहाचा. मामा आणि मी साडेआठला निघालो आणि दीड वाजेपर्यंत ताणा भरत होतो. बारशाच्या मांडवासमोरून आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तर मांडवातल्या बायकांनी हात हलवले. मामांनीही प्रेमाने हात हलवला आणि पुढे चालू लागले, कारण मांडव आडव्या गल्लीत होता आणि आमच्या उभ्या गल्ल्या अजून दोन शिल्लक होत्या. आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं, जेवणं उठली होती आणि ज्याचं बारसं तो पाळण्यात घोरत होता. शिवाय ती वर्षं प्लेगनंतरची. सुरतेचे रस्ते रुंद व्हायला लागले होते आणि आज खूण म्हणून पाहून ठेवलेला ओटा उद्या जागेवर असेल याची खात्री नव्हती. मामांना त्याने फरक पडत नसे. खुणा लागतात त्या विचारत हिंडणाऱ्यांना.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं चालणं. बोलायचं नसेल तेव्हा मामा चारचौघांसारखे चालत. पण गप्पा सुरू झाल्या की ते दोन पावलं पुढे जात, गर्रकन वळत आणि तुमच्याकडे तोंड करून उलटे चालायला लागत. उधना दरवाज्याच्या गर्दीत हा प्रकार पाहायला माणसं थांबत. रिक्षावाले शिव्या द्यायला तोंड उघडत आणि तसंच उघडं ठेवत. एकदा असेच उलटे चालत ते मला गव्हाच्या खिचड्याची कृती सांगत होते, आणि मीठ किती घालायचं इथवर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर आदळले. घुंगरू वाजले, ग्लास फुटले. गाडीवाला भडाभडा बोलत सुटला. मामांनी त्याचं तोंड नीट न्याहाळून ऐकलं, मान डोलावली आणि "बरोबर, बरोबर" म्हणून दोन ग्लास रस मागवला. मला ही त्यांची खानदानी आदब वाटे. मोठ्या माणसाकडे पाठ करू नये असं जुने लोक म्हणतात, तर हे जावयाकडेही पाठ करत नाहीत, म्हणून मी बायकोसमोर कॉलर ताठ करत असे.

आणि तिसरं ते "बरोबर, बरोबर". मामांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. एका वर्षी लग्नसराईच्या आधी गल्लीतल्या बँडवाल्यांनी विचारलं, की तुमच्या गच्चीवर सराव केला तर चालेल का. मामा म्हणाले, "बरोबर, बरोबर." महिनाभर त्या गच्चीवर चार ट्रंपेट, दोन ढोल आणि एक अतिशय उत्साही झांजवाला वरातीची गाणी घासत होते. शेजारचे दोन भाडेकरू घर बदलून गेले. मामी कानात कापूस घालून पोळ्या लाटायच्या. मामा मात्र खालच्या खोलीत शांत चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. मी माझ्या मित्रांना सांगायचो, याला म्हणतात स्थितप्रज्ञ!

खात्यात मात्र त्यांचा दरारा होता. खातं म्हणजे बँकेतलं नव्हे; सुरतेत यंत्रमागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. मामा तिथे मास्तर होते, म्हणजे मागांचे डॉक्टर, आणि मी त्याच खात्याच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून, ज्याला शेठ मेहताजी म्हणत. माग चालू असले की तिथे शेजारच्या माणसाचं ओरडणंही पोचत नाही. त्यामुळे कारागिरांची हातांची एक भाषा असते. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं गरगर फिरवली की सूत संपलं. तळहात पोटावर गोल फिरवला की शेठ आला, सावध राहा. आमच्या शेठचं पोट हे त्यांच्या आधी चार पावलं येत असे. या भाषेत मामा कवी होते. साठ हात लांबून ते समोरच्या टोकाच्या कारागिराला त्याच्या सासूबद्दल विनोद सांगत आणि तो माग सोडून हसत सुटे. बिघडलेल्या मागापाशी आले की ते चपला काढून अनवाणी उभे राहत, लोखंडावर पंजा ठेवत, डोळे मिटत आणि अर्ध्या मिनिटात निदान सांगत: "डावीकडला गिअर. एक दात गयेल शे." उघडून पाहिलं की एक दात गेलेला. शेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना अभिमानाने सांगत, "अमारा मास्तरना कान! तंबुरा छे, तंबुरा!"

तर एके दिवशी या कानाला जपानचं बोलावणं आलं. धोट्याचे जुने माग मागे पडायला लागले होते आणि सुरतेत जपानचे, पाण्याच्या फवाऱ्यावर धागा फेकणारे माग यायला लागले होते. नवे परवडणारे नव्हते. ओसाकाजवळच्या एका गोदामात वापरलेले माग होते, ते निवडून आणायचे असं शेठनी ठरवलं. "आपणे मास्तरने लई जईए. कान लगाडीने पसंद करशे," ते म्हणाले. मास्तरांनी समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघत उत्तर दिलं, "जावई आले तर येतो." शेठनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीचीही सोय होईल म्हणून मीही ठरलो.

त्या संध्याकाळी मी उधन्यात चालत नव्हतो, तरंगत होतो. मामांनी जगाच्या पाठीवर इंग्रजीसाठी मलाच निवडलं! पानवाल्याला मी जपानी लोकांच्या स्वभावाबद्दल दहा मिनिटं माहिती दिली. मामा मला हाताला धरून चहाच्या टपरीमागे घेऊन गेले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "जवाईबापू, माले आयकू येत नही. कान गयात मना."

मी हसलो. त्यांनी मला पुन्हा सांगितलं. दहा वर्षं झाली होती. मागांच्या आवाजाने आधी एक कान गेला, मग दुसरा. आता समोर तोंड दिसलं तर ओठांवरून कळायचं, पाठ फिरली की जग बंद. मागाचं दुखणं ते तळपायांनी आणि पंजाने ओळखत. हे मामींनाही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटे, लग्न जुनं झालं की सगळेच नवरे असे होतात. "शेठ माले कानसाठी लयी जाई ऱ्हायना," मामा म्हणाले. "त्याले समजनं का मास्तर बहिरा शे, तर उद्या खात्यात मी कोण? झाडूवाला." त्यांची दोन पोरं शिकत होती. मामांना परदेशात इंग्रजी येणारा माणूस नकोच होता. पाठीमागून शेठ काही बोलले तर समोर उभं राहून ओठ हलवणारा माणूस हवा होता.

अकरा वर्षं मी या माणसाबरोबर जेवलो, चाललो, एका छपराखाली काम केलं. रस्ता न विचारणं (आधी हट्ट, मग नाइलाज), उलटं चालणं, "बरोबर, बरोबर", गच्चीवरचा बँड, सगळं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभं होतं आणि मी त्याला खानदानी आदब समजत होतो. इतका हुशार माणूस सोबत घेऊन मामा जपानला निघाले.

ओसाकाला पोचलो त्या रात्री शेठनी घोषणा केली, की उद्या दुपारी एकपर्यंत ते खोलीत बसून जप करतील आणि घरचे थेपले खातील. या देशाच्या पाण्यालासुद्धा माशाचा वास येतो. एक वाजता कालव्यावरच्या मोठ्या पुलावर भेटायचं, दीडला गोदामवाल्यांची गाडी तिथे येणार. तोवर आम्ही मोकळे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो. मी मेव्हण्याचे बूट घातले होते, एक नंबर लहान. मामा कॅनव्हासच्या बुटात.

ओसाकातल्या नम्बाचा तो भाग मी जन्मात विसरणार नाही. एक सरळसोट छप्पर घातलेला बाजाररस्ता, फर्लांगच्या फर्लांग, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या अरुंद गल्ल्या. मामांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. देवाने त्यांच्यासाठीच हे गाव विणून ठेवलं होतं. "हाऊ ताणा," ते म्हणाले, आणि आम्ही उभे धागे भरायला निघालो. सकाळच्या उन्हातही पाट्या पेटलेल्या होत्या, लाल, हिरव्या, जांभळ्या, एकीवर एक चढलेल्या. एका उपाहारगृहाच्या भिंतीवर बैलगाडीएवढा खेकडा बसवला होता आणि तो विजेवर पाय हलवत होता. मामा त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. मला वाटलं कौतुक चाललंय. मग म्हणाले, "तिसरा पायना बेअरिंग सैल शे."

मी त्या तासाभरात काय काय केलं ते सांगायला नको होतं, पण आता सुरुवात केलीच आहे. एका मोठ्या दुकानाच्या दारात किमोनो घातलेली एक बाई वाकून नमस्कार करत होती. मी वाकलो. ती पुन्हा वाकली. मी अधिक वाकलो. हे असं सात-आठ वेळा झालं. आपल्या देशाची लाज राखायची म्हणून मी शेवटी गुडघ्यापर्यंत गेलो, तेव्हा मामांनी मला खांद्याला धरून सरळ केलं आणि बाईच्या पायाशी असलेली विजेची वायर दाखवली. पुढे एका चौकात चिटपाखरूही नव्हतं, पण सिग्नल लाल होता आणि पंधरा माणसं निमूट उभी होती. सुरतेचा माणूस रिकामा रस्ता बघून उभा राहू शकत नाही, त्याला आतून ढकलल्यासारखं होतं. मी निघालो. पंधरा माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पुन्हा उभा राहिलो. मामा मात्र सिग्नलमधल्या चालत्या हिरव्या माणसाच्या चित्रावर खूश. गाडीचा भोंगा ऐकायचीच गरज नाही! चित्र चालायला लागलं की आपणही चालायचं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की हे गाव डोळ्यांनी वापरायचं होतं. हॉटेलांच्या काचेत प्रत्येक पदार्थाची मेणाची प्रतिकृती मांडलेली. मी आत जाऊन मालकिणीशी अस्खलित इंग्रजी बोललो आणि तिने मला बाथरूम दाखवली. मामांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं, काचेतल्या शेवयांच्या वाडग्याकडे बोट केलं, त्यातल्या मांसाच्या चकतीवर काट मारली, वाफ येऊ दे म्हणून बोटं नाचवली. दहा मिनिटांत गरम शेवया आल्या, चकतीशिवाय. जाताना ती बाई दारापर्यंत आली आणि दोघं हातांनी बराच वेळ बोलत होती. काय बोललात, मी विचारलं. "तिना मोठा पोऱ्या ऐकत नही," मामा म्हणाले. ज्या देशात माझं इंग्रजी एका मिनिटात मेलं, तिथे खात्यातली हातांची भाषा मातृभाषेसारखी चालत होती. मामा उलटे चालत माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "आठे बठ्ठा मनासारखाच शेतस, जवाईबापू. कोणले कोणाचं आयकू येत नही!" मी त्यांना इतकं खुशीत कधीच पाहिलं नव्हतं.

आणि त्याच खुशीत घोटाळा झाला. पाहण्यासारखं इतकं होतं, की आयुष्यात पहिल्यांदा मामा गप्पा अर्ध्यावर सोडून सुलटे चालायला लागले. मागे मी एका गाडीपाशी थांबलो. एक तरुण बिडाच्या साच्यात पीठ घालून टोकदार सुईने गोळे फिरवत होता. आप्पे! परदेशात आप्पे पाहून माझे डोळे भरून आले. मी सहा घेतले. चौथ्याला दाताखाली रबरासारखं काही आलं, ते मी बाहेर काढून पाहिलं, तर त्याला गोल गोल चोषकं होती. त्या दिवशी गुरुवार होता, दत्ताचा वार, आणि गुरुवारी मी सामिषाला शिवत नाही. आठ पायांच्या त्या जीवाची आणि दत्तगुरूंची मी एकदमच क्षमा मागत होतो, आणि मान वर केली तर मामा दिसेनात.

"मामाऽऽ!" मी ओरडलो. बाजारातल्या दोनशे माणसांनी वळून पाहिलं. जो एक वळायला हवा होता, त्याला ऐकू येणार नव्हतं, हे मला दुसऱ्यांदा ओरडून झाल्यावर आठवलं. साडेबारा वाजले होते. मी चावणाऱ्या बुटांत पुढे पळालो, मागे पळालो. ताणा सोडून बाण्यात शिरलो. एका पोलिसाला मी मामांचं वर्णन करून सांगितलं: उंची माझ्याएवढी, डोक्याला टोपी, रस्ता विचारत नाही. त्याने मला अतिशय आदराने रेल्वे स्टेशनचा नकाशा दिला.

एक वाजता मी एकटाच पुलावर. शेठ थेपल्यांचा डबा घेऊन उभे. "मास्तर क्यां छे?"

"बाथरूमला गेलेत," मी म्हणालो. पंधरा मिनिटांनी तेच उत्तर द्यायला लागल्यावर शेठची भुवई वर गेली. शेवटी मी कबूल केलं, की मास्तर चुकले. "तो बूम पाडो ने!" शेठ म्हणाले. हाका मारा! आता यांना काय सांगू? मी त्यांच्याबरोबर बाजारात शिरलो आणि खोट्या खोट्या हाका मारायला लागलो, म्हणजे हाका खऱ्या, आशा खोटी. गाडी येऊन परत गेली तर माग जाणार होते. आणि मामा असे, शेठच्या देखत, पाठमोरे सापडले तर त्यांची दहा वर्षांची झाकली मूठ उघडणार होती. मी प्रार्थना करत होतो, की ते सापडावेत पण शेठना आधी दिसू नयेत.

एका दुकानाचे काचेचे दरवाजे आपोआप उघडले आणि आतून आवाजाचा लोंढा बाहेर आला. शेठ जागच्या जागी थांबले. त्यांनी डोळे मिटले. "आ तो आपणुं ज खातुं!" ते म्हणाले. आतमध्ये रांगेने शे-दीडशे यंत्रं भिंतीला लावलेली, प्रत्येकासमोर एक माणूस स्टुलावर बसलेला, काचेमागे पोलादी गोळ्यांचा पाऊस खडखडत होता, वरून बँड लावलेला. हा त्यांचा जुगार. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, बोलून उपयोगच नव्हता. आणि तिसऱ्या रांगेत, आमच्याकडे पाठ करून, मामा उभे होते. बूट काढून बाजूला ठेवलेले. पंजा एका यंत्राच्या कडेवर. शेजारी गळ्याला बो बांधलेला तिथला नोकर वाकून बघत होता, आणि मामा त्याला बोटांनी एक स्प्रिंग कशी थकली आहे ते समजावत होते.

शेठ माझ्या पुढे निघाले. मी दुसऱ्या रांगेतून धावलो, समोरून पोचायचं म्हणून. शेठ मामांच्या मागे दोन हातांवर जाऊन म्हणाले, "मास्तर." मग मोठ्याने, "मास्तर!" मग असे ओरडले, की आसपासची दोन माणसं स्टुलावरून वळली, "ओ मास्तऽऽर!" मामांनी स्प्रिंगचा विषय चालूच ठेवला. मी यंत्रांच्या मधल्या फटीतून मामांच्या समोर आलो. ओठ हलवायचे होते. पण घाबरल्यावर माणसाच्या हाती जे पहिलं लागतं ते तो करतो. मी तळहात पोटावर ठेवला आणि जोरजोराने गोल फिरवला.

मामा विजेसारखे वळले. "शेठजी!" ते हसून म्हणाले. "कव्हयना वाट देखी ऱ्हायनू!"

शेठनी मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून पोटावर फिरत होता. तो थांबवायचं मला सुचेना. "मेहताजी," ते म्हणाले, "पेटमां दुखे छे?" मी म्हणालो, "हो. आप्पे खाल्ले." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नंतर मामांच्या अनवाणी पायांकडे. शेठ स्वतः विशीत माग चालवून वर आलेला माणूस. माझं पोट त्यांना फसवणार नव्हतं. "इथे आवाज फार आहे, शेठ," मी पुटपुटलो. "हां," ते म्हणाले. "अवाज तो छे ज." आणि त्यांनी वाकून मामांचे बूट उचलून त्यांच्यासमोर ठेवले.

गाडी पुलावर उभी होती. गोदामात मामांनी पुन्हा पाय मोकळे केले आणि एकेक माग चालवून पंजा ठेवत गेले. चार नाकारले. गोदामाच्या म्हाताऱ्या मालकाने त्यातला एक उघडून पाहिला, आणि मामांनी दाखवल्या जागीच आत मोडलेला भाग दिसल्यावर तो मामांपुढे इतका खाली वाकला, की मला दुकानातल्या किमोनोवालीची आठवण झाली. मी शेठवर नजर ठेवून होतो. सबंध दुपारभर शेठ एकदाही मामांच्या मागून बोलले नाहीत. विचारायचं काही असलं की मागाला वळसा घालून समोर यायचे.

मी सुरतेला परत आलो तो गुन्हेगारासारखा. रोज वाटे, आज मास्तरांना ऑफिसात बोलावणं येईल आणि ते माझ्या पोटामुळे असेल. बोलावणं आलं नाही. बदल झाला तो असा. वीस वर्षं शेठ केबिनच्या दारातून "ए मास्तर!" अशी हाळी देत आले होते. आता ते जिना उतरून खाली येत, सगळ्या मागांच्या रांगेला वळसा घालत, मामांच्या समोर उभे राहत, दंडाला हलकेच हात लावत आणि मगच, एकेक शब्द सुटा करून, बोलत. त्या पोटाला हा प्रवास सोपा नव्हता. कारण कुणालाच कळलं नाही. शेठनी ते कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. एकदा मी धीर करून विषय काढायला गेलो तर म्हणाले, "मेहताजी, पत्र लखो."

मामांना मात्र कारण ठाऊक होतं. ते मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि माझ्यासमोर उभं राहून समाधानाने म्हणाले, "शेठ सुधरना, जवाईबापू! आधी कसा बोंबलायचा दारातून? आता समोर येस, वाकीसन बोलस. हाऊ जपानना गुण शे." मग म्हणाले, "बरं झालं, त्याले काही समजनं नही."

मी बोलका माणूस आहे. माझ्या पोटात आजवर एक गोष्ट टिकलेली नाही, हे बायको कुणालाही सांगेल. पण त्या दिवशी मी मामांच्या डोळ्यांकडे बघून सावकाश, ओठ नीट हलवत, म्हणालो, "बरोबर, बरोबर."

पुढे सात वर्षं त्यांनी ते जपानी माग सांभाळले. दोन्ही पोरं शिकली. मग एके दिवशी सन्मानाने हार घालून घेऊन ते अमळनेरकडच्या आपल्या खेड्यात निघून गेले. तिथे गावात ते सांगत असतात, की जपानी माणसाची एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे, तो समोर येऊन बोलतो. आमचा शेठ तिथे चार दिवस राहून शिकला. लोक कौतुकाने ऐकतात. त्यांच्या मुलाने आता घरात फोन घेतलाय आणि आमची ही मला म्हणते, कधी तरी मामांना फोन करा की हो, बरं वाटेल त्यांना. मी हो म्हणतो. पण त्यांच्याशी फोनवर बोलता येत नाही. बस पकडून, सहा तास हादरे खात, त्यांच्या ओट्यावर जाऊन समोर बसावं लागतं. मी वर्षातून दोनदा जाऊन बसतो.